फिजिओथेरपीचा दवाखाना : आधी रुग्ण, मग कर्ज

आपल्या बौद्धवाड्यांमधल्या काही घरांत आता 'बी.पी.टी.एच.' ही पदवी आली आहे. शिष्यवृत्तीवर, फ्रीशिपवर, आईच्या बचत गटाच्या पैशावर शिकलेली लेक फिजिओथेरपिस्ट होऊन घरी येते आणि पहिल्या महिन्यातच प्रश्न उभा राहतो : नोकरी धरायची की स्वतःचा दवाखाना टाकायचा? मामा म्हणतात, पेणला गाळा घे. शेजारचे दादा म्हणतात, बँकेत ओळख आहे, कर्ज काढून देतो. यंत्रे विकणारा म्हणतो, मशीन आज घ्या, पैसे हप्त्याने द्या. आणि ज्यांचे गुडघे रोज दुखतात त्या आजी म्हणतात, इथेच वाडीत बस, आम्ही येऊ की!

मी नर्सिंगचा डिप्लोमा करून बरीच वर्षे वॉर्डात काढली. आता वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करते. त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मला रोज दिसतात. दवाखाना टाकणाऱ्या मुलीची एक, आणि खाटेवर पडलेल्या रुग्णाची दुसरी. माझे मत आधीच सांगते. स्वतःचा दवाखाना जरूर काढावा, आपल्या भागाला त्याची फार गरज आहे. पण आधी दोन वर्षे नोकरीत हात बसवावा, मग टेबल, चटई आणि स्वतःचे हात एवढ्यावर लहान सुरुवात करावी. रुग्ण जमले की मग कर्जाचा विचार. आणि आपण वस्तीतल्या लोकांनी 'आपलीच पोर आहे' म्हणून फुकट उपचार मागू नयेत. असे का म्हणते, ते सविस्तर पाहू.

हे मालिश नव्हे

फिजिओथेरपी म्हणजे मालिश, असा समज आपल्याकडे पक्का आहे. मालिश हा तिचा एक लहानसा भाग. खरे काम वेगळे आहे. कोणता स्नायू कमजोर पडला, कोणता सांधा आखडला, चालताना तोल कुठे जातो हे तपासायचे, आणि ठरवून दिलेल्या व्यायामाने ते पुन्हा सुरू करायचे. या विद्येचे शिक्षण आपल्या राज्यात फार जुने आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, पोलिओने मुले लुळी पडत होती त्या काळात, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. देशातली या विषयाची ती पहिली शाळा.

आज हा अभ्यासक्रम आतापर्यंत साडेचार वर्षांचा होता, नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात इंटर्नशिप धरून तो पाच वर्षांचा झाला आहे. शिकून झाल्यावर महाराष्ट्राच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी करावी लागते. त्यासाठी राज्याचा २००२ चा कायदा आहे. २०२१ मध्ये केंद्रानेही संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्यात फिजिओथेरपी आहे. म्हणून दवाखान्यात गेल्यावर भिंतीवरचा नोंदणी क्रमांक पाहणे हा आपला हक्क आहे. आठ दिवसांचा कोर्स करून 'मणके बसवणारे' गावोगावी फिरतात, त्यांच्यात आणि या मुलीत हाच फरक आहे.

कासूला गरज किती आहे

कासूचे नाव आता साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या रखडलेल्या कामाच्या बातम्यांत 'पळस्पे ते कासू' आणि 'कासू ते इंदापूर' हे शब्द लोकांनी वर्षानुवर्षे वाचले. चौपदरीकरण सुरू झाले २०११ मध्ये. तेव्हापासून खड्डे, वळणे, अर्धवट पूल आणि दुचाकीचे अपघात. अपघातात मोडलेला पाय पेणला किंवा पनवेलला प्लास्टरमध्ये बसवून मिळतो. पण प्लास्टर काढल्यावर गुडघा वाकत नाही, त्याचे पुढे काय? तो माणूस घरी येतो, महिनाभर लंगडतो, आणि मग 'आता असेच' म्हणून गप्प बसतो.

बाकीचे दुखणे आमच्या कामातच आहे. आवणाच्या दिवसांत बाया दिवसभर वाकून चिखलात असतात. पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांत हात आणि मान एकाच स्थितीत ठेवून तासन् तास काम चालते. डोलवी आणि नागोठण्याच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे काम करणारी आपली मुले जड उचलतात. वीटभट्टीवर तर डोक्यावर ओझे आणि पायाखाली उंचसखल जमीन. या सगळ्यांना कंबर, गुडघे, खांदे दुखण्याचा आजार आहे, आणि सगळ्यांचा उपचार एकच : मेडिकलमधून आणलेली दुखणे मारणारी गोळी. ती रिकाम्या पोटी वर्षानुवर्षे खाल्ली की पोटात व्रण होतात, मूत्रपिंडावर भार येतो. दुखणे तसेच राहते.

त्यात मधुमेह. साखर वाढलेल्या माणसाचा खांदा आखडतो, हात वर जात नाही, बाईला स्वतःचे केस विंचरता येत नाहीत. पायांच्या नसा बधिर होतात, तोल जातो. बाबासाहेबांनाही अखेरच्या वर्षांत मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने किती छळले, चालायला आधार लागत होता, हे आपल्याला ठाऊक आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांचे तेच दुखणे आपण 'वय झाले' म्हणून सोडून देतो.

सर्वांत मोठे नुकसान होते ते लकव्याच्या रुग्णाचे. डिस्चार्जच्या कागदावर औषधांच्या यादीखाली एक ओळ असते : 'फिजिओथेरपी चालू ठेवा.' ती ओळ कुठे चालू ठेवायची हे कोणी सांगत नाही. लकव्यानंतरचे पहिले तीन महिने सोन्यासारखे असतात. मेंदू त्या काळात पुन्हा शिकायला सर्वांत तयार असतो. पुढेही सुधारणा होते, पण तिचा वेग कमी होतो. ते तीन महिने खाटेवर गेले तर हात छातीशी आखडतो, पाठीला जखमा होतात, आणि घरातली एक बाई कामावर जायची बंद होते. एका माणसाच्या लकव्याने दोन माणसांची मजुरी बुडते.

म्हणून गरज आहे का, या प्रश्नाला उत्तर 'हो' असेच आहे. पण गरज असणे आणि दवाखाना चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथेच बरीच घरे फसतात.

स्वतःचा दवाखाना : जमेची बाजू

पहिला फायदा वेळेचा. मोठ्या दवाखान्यात एका फिजिओथेरपिस्टच्या हाती एकाच वेळी तीन-चार रुग्ण दिलेले असतात. एकाला मशीन लावायची, दुसऱ्याला व्यायाम सांगायचा, तिसरा वाट बघत बसलेला. स्वतःच्या जागेत एका रुग्णाला अर्धा-पाऊण तास देता येतो. त्यातच तो बरा होतो.

दुसरा फायदा भाषेचा आणि विश्वासाचा. 'कळ कुठून कुठे जाते' हे आपल्या बोलीत सांगता आले की अर्धे निदान होते. आपल्या बाया परक्या पुरुषापुढे कंबर दाखवायला लाजतात, बाळंतपणानंतर लघवी थांबत नाही हे तर कोणालाच सांगत नाहीत. त्यावर ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम आहेत, आणि ते शिकवणारी आपली मुलगी गावात असली तर निम्म्या बाया बोलत्या होतील.

तिसरा फायदा, या व्यवसायाला भांडवल कमी लागते. दंतवैद्याला खुर्ची लागते, प्रयोगशाळेला यंत्र लागते. फिजिओथेरपिस्टला एक पक्के टेबल, चटया, रबरी पट्टे, वजने, आरसा, आणि धरून चालायला दोन समांतर दांडे मिळाले तरी बहुतेक काम होते.

चौथा फायदा स्वाभिमानाचा. नव्या पदवीधराला खाजगी दवाखान्यात पगार फार तुटपुंजा मिळतो, सुट्टी मागितली तर कापला जातो. स्वतःच्या दवाखान्यात कष्ट जास्त असले तरी निर्णय आपला असतो.

आणि उधारीची बाजू

पहिला तोटा : रुग्ण तिसऱ्या दिवशी येणे थांबवतो. हे मी फार पाहिले आहे. लकव्याला, गुडघ्याला दहा-वीस फेऱ्या लागतात. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी ठरली ३१२ रुपये. एका फेरीला अडीचशे रुपये फी धरली आणि मिनीडोरचे जाण्या-येण्याचे भाडे त्यात घातले, तर एका दिवसाची मजुरी संपली. शिवाय सोबत येणाऱ्याचा खाडा. म्हणून थोडे बरे वाटले की माणूस थांबतो. त्याचे चुकते असे नाही, त्याला परवडत नाही. पण दवाखान्याचा हिशोब मात्र दहा फेऱ्यांवर मांडलेला असतो.

दुसरा तोटा : पैसे देणारे दुसरे कोणी नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या योजना मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णाच्या उपचारासाठी आहेत. घरून रोज येऊन घेतलेल्या फिजिओथेरपीचे पैसे त्यातून मिळत नाहीत. म्हणजे सगळे रुग्णाच्या खिशातून.

तिसरा तोटा : पावसाळा आणि हंगाम. आवणात आणि कापणीत बाया येणार नाहीत. गणपतीच्या आधीचे तीन महिने मूर्तिकार मान वर करणार नाहीत. भाडे आणि हप्ता मात्र बाराही महिने.

चौथा तोटा : एकटेपणा. नवी मुलगी एकटीच बसली तर चुकीचे निदान कोण दाखवून देणार? कंबरदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा गेला, पायातली ताकद एकदम गेली, ताप आणि वजन घटणे सुरू झाले, तर तो व्यायामाचा रुग्ण नाही, त्याला त्याच दिवशी रुग्णालयात पाठवायला हवे. पाठीच्या मणक्याचा क्षयरोग आपल्या वस्त्यांत आहे आणि तो सुरुवातीला साधी कंबरदुखीच वाटतो. हे ओळखण्याची नजर पुस्तकाने येत नाही, मोठ्या रुग्णालयात अनुभवी माणसांच्या हाताखाली दोन वर्षे काढल्याने येते. आधी नोकरी, असे मी म्हणते ते यासाठी.

पाचवा तोटा : मुलीची सुरक्षितता. लकव्याचा रुग्ण दवाखान्यात येऊ शकत नाही, घरी जावेच लागते. तेव्हा नियम पक्के हवेत. घरातले दुसरे माणूस हजर असल्याशिवाय उपचार नाही. अंधार पडल्यावर नव्या घरी जायचे नाही. कुठे गेली आहे, कधी परतणार, हे घरी कळवलेले असावे.

हिशोब मांडून बघू

पुढचे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत. आपल्या गावचे भाडे, आपल्या गावची फी घालून प्रत्येकाने पुन्हा मांडावा.

समजा, पेणच्या बाजारात गाळा घेतला. भाडे १२,००० रुपये. यंत्रांसाठी ५ लाख कर्ज, ११ टक्के व्याज, पाच वर्षांची मुदत. त्याचा हप्ता महिन्याला सुमारे १०,८७० रुपये. मदतनीस ९,०००. वीज, इंटरनेट, सफाई ४,०००. एकूण ३५,८७०. फी २५० आणि महिन्याला २४ दिवस काम धरले तर खर्च भागवायलाच १४४ फेऱ्या हव्यात, म्हणजे रोज सहा रुग्ण. त्यात मुलीच्या हाती एक रुपयाही नाही. तिला महिन्याला २०,००० घरी न्यायचे असतील तर रोज नऊ ते दहा रुग्ण हवेत. नव्या दवाखान्यात पहिल्या वर्षी रोज दहा रुग्ण? फार अवघड.

आता दुसरा हिशोब. दीड लाखाचे सामान, तेवढेच कर्ज, त्याच अटी. हप्ता सुमारे ३,२६० रुपये. एखाद्या डॉक्टरच्या दवाखान्यातली दुपारची रिकामी खोली ४,००० ला. प्रवास ३,०००. इतर १,५००. एकूण ११,७६० च्या आसपास. खर्च भागायला रोज दोन रुग्ण पुरे. रोज पाच-सहा रुग्ण आले की वीस हजार घरी. यात मुलगी दुपारपर्यंत कुठे अर्धवेळ नोकरी करू शकते, म्हणजे रुग्ण आले नाहीत तरी चूल पेटते.

दोन्ही ठिकाणी मुलगी तीच, हात तेच, विद्या तीच. फरक हप्त्याचा आहे. पहिल्या दवाखान्यात ती बँकेसाठी काम करते, दुसऱ्यात स्वतःसाठी.

यंत्रांचा मोह, कटाचा सापळा

'मशीन नाही तर रुग्ण येणार नाही' असे सांगितले जाते. त्यात थोडे तथ्य आहे, कारण आपल्यालाच मशीन आवडते. झिणझिण्या आल्या की पैसे वसूल झाल्यासारखे वाटते. पण ब्रिटनमध्ये 'नाइस' नावाची सरकारी मार्गदर्शक संस्था आहे. तिने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी स्पष्ट सांगितले : व्यायाम द्या, आणि अल्ट्रासाउंड, टेन्स, इंटरफेरेन्शियल ही यंत्रे देऊ नका. म्हणजे जी यंत्रे घेण्यासाठी आपण पाच लाखांचे कर्ज काढतो, सर्वसाधारण कंबरदुखीला त्यांची गरजच नाही. रुग्णाला व्यायाम नीट शिकवणे आणि तो करतो की नाही ते पाहणे, हाच उपचार. त्याला वेळ लागतो, म्हणूनच वेळ वाचवायला मशीन लावली जाते.

दुसरा सापळा कटाचा. 'रुग्ण पाठवतो, तीस टक्के द्या' असे मुलीला कोणी ना कोणी सांगणारच. डॉक्टरांनी असे कमिशन घेणे-देणे हे त्यांच्या आचारसंहितेत २००२ पासून मना आहे. शिवाय तो पैसा मुलीच्या खिशातून जात नाही. फी वाढवून, नाहीतर दहाच्या जागी वीस फेऱ्या सांगून, तो रुग्णाकडूनच काढला जातो. म्हणजे अखेर आपल्याच वस्तीच्या खिशातून. डॉक्टरांशी नाते हवे, पण ते पत्राचे हवे. रुग्णाची स्थिती काय होती, काय केले, किती फरक पडला, हे एका कागदावर लिहून परत पाठवा. प्रामाणिक डॉक्टर त्या कागदासाठी पुढचा रुग्ण पाठवतो.

पाटीबद्दलही एक गोष्ट. नावामागे 'डॉक्टर' लावावे की नाही यावर २०२५ मध्ये दिल्लीत पत्रे निघाली आणि मागेही घेतली गेली. त्या वादात न पडता पाटीवर नाव, पदवी, 'फिजिओथेरपिस्ट' हा शब्द आणि नोंदणी क्रमांक ठळक लिहावा. आपण काय करतो आणि काय करत नाही, हे लोकांना पाटीवरूनच कळावे. गोळ्या-इंजेक्शन देणे हे तिचे काम नाही.

गाळा, आडनाव आणि स्पर्श

आता ज्यावर घराबाहेर कोणी बोलत नाही ते बोलू. ही विद्या स्पर्शाची आहे. दुसऱ्याचा पाय आपल्या मांडीवर घ्यावा लागतो, मान हातात धरावी लागते. तालुक्याच्या गावी गाळा बघायला गेल्यावर भाड्याआधी आडनाव विचारले जाते, हा अनुभव आपल्या पोरांना नवा नाही. नाव सांगितल्यावर 'गाळा आधीच दिला' असे ऐकायला मिळते. कोणी रुग्ण पहिल्या दिवशी विचारतो, 'तुम्ही कुठल्या?' आणि दुसऱ्या दिवशी येत नाही.

म्हणून काही जण म्हणतात, दवाखाना वाडीतच काढावा. मला ते पटत नाही. वाडीत काढला तर तो 'त्यांचा दवाखाना' होतो, आणि आपल्या एकट्या वाडीच्या रुग्णांवर तो चालणारही नाही. जागा अशी हवी जिथे सगळ्या जातींची माणसे येतातच : स्टेशनजवळ, नाक्यावर, एस.टी. थांब्याच्या आसपास. तळमजल्यावर, कारण गुडघ्याचा रुग्ण जिना चढत नाही. आणि दुखणे खरे असले की माणूस येतो. वीस दिवसांत ज्याचा हात वर गेला तो घरी जाऊन आडनाव सांगत नाही, उपचार कोणाकडे घेतला ते सांगतो. याने जात जाईल असे मी म्हणत नाही. पण या मुलीने तोंड लपवून, आडनाव गाळून पाटी लावू नये. पूर्ण नाव लिहावे.

कर्ज घ्यायचेच तर

आपल्या मुलांसाठी काही दारे आहेत, ती माहीत असावीत. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी काम करते. त्याच्या बीज भांडवल योजनेत ५०,००१ ते ५ लाख रुपयांच्या व्यवसायाला ७५ टक्के बँक, २० टक्के महामंडळ आणि ५ टक्के आपण, अशी वाटणी असते. मुद्रा योजनेत तारण लागत नाही. त्यातल्या 'शिशु' गटात ५० हजारांपर्यंत आणि 'किशोर' गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळते. दीड लाखाच्या दवाखान्याला 'किशोर' पुरेसे आहे. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत. अर्ज भरून देतो म्हणून टक्केवारी मागणाऱ्या माणसाच्या दारातही जाऊ नये. अटी, उत्पन्नाची मर्यादा, कागदपत्रे हे सगळे महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात स्वतः जाऊन विचारावे.

एक गोष्ट कटाक्षाने टाळावी. आईचे डोरले आणि वडिलांच्या निवृत्तीचे पैसे यंत्रांत घालू नयेत. दवाखाना बंद पडला तर टेबल विकता येते, जुने यंत्र कोणी घेत नाही.

मग करावे काय?

माझ्या मते वाट अशी असावी. पहिली दोन वर्षे मोठ्या रुग्णालयात नोकरी, हाडांचा आणि मेंदू-नसांचा विभाग मिळेल तिथे. तिसऱ्या वर्षी पेणला अर्धवेळ काम, आणि कासूला आठवड्यातले तीन ठरलेले वार, ठरलेली वेळ. रोज दार उघडून रिकामे बसण्यापेक्षा तीन दिवस भरलेले बरे. दिवा-रोहा गाडीच्या आणि एस.टी.च्या वेळा पाहून दवाखान्याची वेळ ठरवावी, म्हणजे गडब आणि नागोठण्याकडचे रुग्णही येऊ शकतील. लकव्याच्या रुग्णाकडे घरी जावे आणि घरातल्या एका माणसाला शिकवून यावे, म्हणजे पुढची फेरी चार दिवसांनी केली तरी चालते.

यासोबत विहाराच्या सभागृहात आठवड्यातून दोनदा 'गुडघा-कंबर वर्ग' घेता येईल. दहा-बारा बाया, प्रत्येकीची आधी एकदा तपासणी, मग एकत्र व्यायाम. एका वेळचे तीस रुपये दिले तरी मुलीला तीनशे-साडेतीनशे मिळतात आणि बाईला अडीचशेऐवजी तीसच पडतात. कोणत्याही जातीच्या बाईला त्यात यायला मोकळीक असावी.

आणि जे सरकारचे काम आहे ते सरकारकडूनच घ्यावे. ज्येष्ठांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीची तरतूद आहे. मुलांच्या वाढीत अडथळा असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून जिल्हा पातळीवरच्या केंद्राकडे मोफत पाठवता येते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलासाठी नॅशनल ट्रस्टची 'निरामय' विमा योजना आहे. तिची मर्यादा वर्षाला एक लाख रुपये असून तिच्यात थेरपीचा खर्चही धरला आहे. कारखान्यात काम करणाऱ्यांनी पगारपत्रकावर ई.एस.आय.ची कपात दिसते का ते पाहावे. दिसत असेल तर उपचार हा आपला हक्क आहे. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना ही योजना लागू होते. ही सगळी माहिती आपल्या फिजिओथेरपिस्ट मुलीच्या टेबलावर असावी. जो रुग्ण मोफत जाऊ शकतो त्याला तिने मोफतच पाठवावे. त्याने तिचे उत्पन्न थोडे कमी होईल, पण विश्वास वाढेल, आणि छोट्या गावात दवाखाना विश्वासावरच चालतो. ग्रामसभेत, रुग्ण कल्याण समितीत 'उपजिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट रोज बसतो का?' हा प्रश्न आपण विचारत राहावे. खाजगी दवाखाना आला म्हणून सरकारचे काम संपत नाही.

वस्तीने काय करावे

शेवटी आपल्याबद्दल. मुलीने पाटी लावली की पहिल्याच आठवड्यात काका, मावश्या, वाडीतले सगळे येतात आणि कोणी पैसे देत नाही. 'तुला काय, हातच तर लावायचा आहे!' हे वाक्य मी ऐकले आहे. तोच माणूस पनवेलला जाऊन तिप्पट फी रांगेत उभा राहून देतो. आपल्या मुलांच्या विद्येची किंमत आपणच शून्य धरली तर ती दोन वर्षांत पाटी उतरवून मुंबईला निघून जातील, आणि मग पुन्हा गोळी आणि 'वय झाले'.

म्हणून तीन गोष्टी कराव्यात. फी द्यावी, जमेल तशी हप्त्याने, पण द्यावी. खरोखर ज्याला देणे अशक्य आहे त्याच्यासाठी मंडळाने, महिला गटाने वर्षाला थोडी रक्कम बाजूला काढावी, मुलीच्या एकटीच्या खिशावर दया करू नये. आणि तिसरी, सर्वांत स्वस्त गोष्ट : सांगितलेला व्यायाम घरी करावा. दवाखान्यात अर्धा तास आणि घरी शून्य, याने गुडघा वाकत नाही. घरी रोज वीस मिनिटे केले तर वीसच्या जागी आठ-दहा फेऱ्यांतही काम होऊ शकते, पैसे वाचतात, आणि मुलीचे नाव होते.

लकव्याचा माणूस पुन्हा स्वतःच्या हाताने जेवू लागला की त्या घरातली एक बाई कामावर परत जाते. तेवढ्यासाठी तरी गावात एक टेबल, चार चटया आणि शिकलेली एक मुलगी टिकली पाहिजे. ती टिकवणे तिच्या एकटीच्या हातात नाही.